ऑस्कर माशासाठी घरीच गप्पी मासे वाढवायचेत, किती माद्या लागतील?

कोथरूडकर७
चार फुटी टाकीत सात इंची ऑस्कर आहे. रोजचं खाणं पेलेट्स, आठवड्यातून दोनदा सात-आठ जिवंत मासे द्यायचा विचार आहे. गच्चीत १०० लिटरचे दोन टब रिकामे आहेत. गोल्डफिश स्वस्त पडतात, पण गप्पी बरे म्हणतात. किती सोडू? पिल्लं टिकत नाहीत असं ऐकलंय, ते का?

शेवाळ
गोल्डफिश नकोच. त्यांच्या मांसात थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. सतत तेच दिलं की मोठा मासा खंगतो. गप्पीत ती भानगड नाही.

तुम्हाला महिन्याला ६५-७० मासे लागतील. मादी साधारण चार आठवड्यांनी विते, एका वेळी २०-४० पिल्लं. सहा माद्यांत भागेल, पण आठ ठेवा. नर तीनच. जास्त झाले की माद्यांच्या मागे लागून त्यांना दमवतात. शोभेचे लांब शेपटीचे गप्पी घेऊ नका, पैसे वाया. हिवताप विभाग डासांसाठी देतो ते गावठी गप्पी दणकट असतात, विचारून बघा.

पिल्लं जातात ती आयांच्याच पोटात. भाजीच्या क्रेटला आतून ३-४ मिमी भोकांची जाळी बांधा, क्रेट दुसऱ्या टबात अर्धी बुडवा आणि विण्याच्या बेतातल्या, पोट चौकोनी दिसणाऱ्या माद्या तिच्यात सोडा. पिल्लं जाळीतून खाली निसटतात. नर सोबत नसला तरी चालतं, मादी शुक्राणू साठवून पुढे बऱ्याचदा विते. विकतची छोटी ब्रीडिंग पेटी मात्र नको. तिच्यात मादी घाबरून अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते.

खारट_पाणी
क्रेटखाली हायड्रिला ही पाणवनस्पती दाट टाका. पिल्लांना पहिले दहा दिवस आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) दिला तर वाढ झपाट्याने होते. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापासून जोरात हवा, पाणी २८ अंश. २४ ते ३६ तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, नारिंगी जीव तळाशी जमतात. नळीने तेवढेच ओढा, गोड्या पाण्यात धुवून टाका. उकडलेल्या अंड्याचा बलकही चालतो, पण चिमूटभरच. उरलेला सडून एका रात्रीत टबातली सगळी पिल्लं मरतात.

गच्चीवर सावलीची जाळी हवीच. एप्रिलात पाणी ३४ च्या वर गेलं की आधी माद्या मरतात.

कोथरूडकर७
पिल्लं देण्याजोगी कधी होतील? तोवर दुकानातून आणून थेट देऊ का?

शेवाळ
दोन सेंटिमीटर व्हायला आठेक आठवडे, म्हणजे आजपासून तीन महिने धरा. तोवर पेलेट्सवरच राहू द्या, ऑस्करचं काही अडत नाही. दुकानातले थेट देऊ नका. गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले तर तो कॅमलानस जंत, गप्पीतून ऑस्करला लागतो. तुमचे सुरुवातीचे गप्पीही महिनाभर वेगळे ठेवूनच वापरा.

आणि खायला घालताना जादा नर आणि बारक्या माद्या काढा. मोठ्या माद्या उचलत गेलात तर वर्षभरात सगळा गोतावळा खुजा होतो. द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना स्पायरुलिना (शेवाळाचं खाद्य) पोटभर चारा, ते ऑस्करच्याच पोटात जातं.