मदत हवी आहे: तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून जोडीच्या दोन तारांची मूळ वारंवारता वेगळी कशी काढावी?

काळी एकच्या (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज मानून लावलेल्या) तानपुऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग आहे, एकाच माइकवरचं, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ. पंचम, जोडी (षड्जाच्या दोन सारख्या तारा), खर्ज (त्याखालच्या सप्तकातला षड्ज) अशी लावणी. वाद्य आता उपलब्ध नाही, म्हणून तारा सुट्या छेडून मोजता येणार नाहीत. काम पायथनमध्ये करतोय.

ऑटोकोरिलेशन (ध्वनिलहर स्वतःशीच ताडून तिचा आवर्तकाल शोधणं) करून पाहिलं, तर उत्तर येतं सुमारे ३४.६५ हर्ट्झ. ते चूकही नाही, कारण खर्ज ६९.३, पंचम १०४ आणि जोडी १३८.६ या सगळ्यांचा सामाईक आवर्तकाल तोच आहे! पण तशी तार तानपुऱ्यावर नाही. पीयिन (pYIN, सूर ओळखणारी पद्धत) एकाच सुरासाठी बनलेलं असल्यामुळे ते सप्तकं बदलत राहतं.

खर्जाचं जमलं. त्याचे पाचवा, सातवा आणि अकरावा हे स्वरांश (मूळ वारंवारतेच्या पटीतले घटक) जोडी किंवा पंचमाच्या कोणत्याही स्वरांशावर पडत नाहीत, त्यामुळे ३४६.५ आणि ४८५.१ जवळची शिखरं स्वच्छ मिळतात.

अडलंय ते जोडीपाशी. तिच्या प्रत्येक स्वरांशाखाली खर्जाचा सम स्वरांश असतोच. शिवाय दोन तारांत साधारण ०.३ हर्ट्झचा फरक असावा. तो एफएफटीत (आवाजातल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या गणितात) दिसायला तीन सेकंदांहून मोठी खिडकी लागते आणि तेवढ्यात पुढची तार छेडली जाते. आठव्या स्वरांशावर हा फरक २.४ हर्ट्झ होईल, पण तिथे जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे) तीव्रता आपसूकच वरखाली होते.

जवारीचा हा चढउतार आणि दोन तारांमधले खरे ठोके (वारंवारतेच्या फरकामुळे होणारा आवाजाचा चढउतार) वेगळे करायला ईएसपीआरआयटीसारखी (ESPRIT, जवळजवळच्या वारंवारता वेगळ्या काढणारी) पद्धत चालेल का, की खर्जाचे सम स्वरांश आधी वजा करावे लागतील?