दादांची तपासणी: मंगळवारी दुभाषी हवाय

नाना:
दादा त्यांच्या बहिणीला, माईला, स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) देणार आहेत. त्यासाठी मंगळवारी सकाळी 8 ला दादांची डोनर-तपासणी. हॉस्पिटल म्हणतं, दुभाषी घरचा नको, शिकलेला हवा. त्यांच्याकडे हिंदीचा आहे. पण दादा सांगलीचे, ‘कळ येते’ हे हिंदीत कसं सांगणार? कुणी मोकळं आहे का?

आप्पा:
मुळात 66 व्या वर्षी घेतात का स्टेम सेल? गणपतीत दात्यांची नावं नोंदवत होते, गालात काडी फिरवून नमुना घेत होते, त्या टेबलावरून मला वय बघून हाकललं होतं.

ताई:
हाकललं नव्हतं आप्पा, चहा पाजला होता. ती अनोळखी दात्यांची नोंदणी, तिथे 61 व्या वाढदिवसाला नाव निघतं. घरच्या दात्याला तशी अट नसते. सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता 25 टक्के, माईंचं नशीब म्हणून जुळलंय. वयामुळे तपासणी मात्र कसून: ईसीजी, साखर, किडनी, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही. काही ठिकाणी रक्तपेशींतले जनुकीय बदलही बघतात, कारण वयाबरोबर ते वाढतात आणि पेशींसोबत माईंकडे जाऊ शकतात.

भाऊ:
चहा गार होता.

वहिनी:
भावाला दिलं तेव्हा मी 58 ची. आधी पेशी वाढवायला रोज इंजेक्शनं. चौथ्या दिवशी कंबर अशी दुखली की कुणी मुसळाने कांडतंय. मग पेशी काढून घ्यायला पाच तास खुर्चीत, दोन्ही हातांत सुया. नाक खाजलं तर नवऱ्याला हाक! आणि मी बीपीची गोळी लपवली होती, नापास करतील म्हणून. नर्सने पट्टा बांधला नि बिंग फुटलं. दादांना गोळ्यांचा डबा घेऊन जायला सांगा. चूर्णाची बाटलीसुद्धा.

आप्पा:
चूर्णाने काय होतंय?

वहिनी:
काही भस्मांत शिसं असतं, आप्पा. दाखवायला काय जातंय?

नाना:
डब्यावरून विषय निघाला, तर दादा काल रात्री बोलले. 1979 साली टीबी झाला होता. वर्षभर औषध, सुरुवातीला रोज सुई. फॉर्मवर ‘नाही’ लिहून बसलेत. माईलाही पत्ता नव्हता. तिला म्हणाले, ‘तेव्हा तुझं लग्न ठरत होतं ना.’

ताई:
नाना, हे 200 जणांच्या लिस्टवर कशाला लिहिलंत? म्हणूनच घरचा दुभाषी नको म्हणतात. माझा दुभाष्याचा कोर्स झालाय, मी येते. साडेसातला लॉबीत. फॉर्म दादाच दुरुस्त करतील, तुम्ही बाहेर बसा.

आप्पा:
पार्किंग मागच्या गेटने घ्या, पुढचं 8 आधीच भरतं.