जुन्या कपड्यांचा ट्रक, दारूत जाणारे पैसे आणि आपली 23 सप्टेंबरची पहाट

नाल्याकाठची
आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट आली. मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी ट्रक जाणार आहे. घरातले जुने कपडे, चादरी, बिस्किटं आणून द्या. रोख पैसे देऊ नका, ते दारूत जातात. आणि पाणी उतरलं की पंधरा दिवसांत लोक सावरतात, म्हणून घाई करा. खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

मला राहवलं नाही. हे सगळे नागपूरचे लोक आहेत. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट यांनी पाहिली आहे. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी डागा लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीत शिरली, बर्डीवर मोरभवन बसस्थानकात एसट्या बुडाल्या. दहा हजारांच्या आसपास घरांत पाणी. त्या दिवशी आपल्यापैकी कोणाला दुसऱ्याचा जुना शर्ट हवा होता? आमच्या घरात हवे होते फावडी, खराटे, फिनाईल, प्यायचं पाणी आणि एक इलेक्ट्रिशियन. दुपारी पुरीभाजीची पाकिटं घेऊन एकामागून एक मंडळं आली. फोटो झाले. चिखल काढायला गल्लीतलीच पोरं होती.

आणि पंधरा दिवस? दिवाळी झाली तरी भिंतीची ओल गेली नव्हती. प्लायवूडची कपाटं फुगून फेकावी लागली. आईच्या पेन्शनचे कागद लगदा झाले, त्यांच्या नकला काढण्यात पुढचा उन्हाळा आला. तोवर एकही ट्रक आमच्या गल्लीत फिरकला नव्हता. मदतीची गरज तिसऱ्या महिन्यात जास्त असते, पण तेव्हा कोणाला आठवण राहत नाही.

ट्रक माझा आहे
पोस्ट मी लिहिली. घरी बसून चुका काढणं सोपं असतं ताई. माणूस ओल्या कपड्यात बसला आहे तेव्हा चादर लागतेच. आणि पैशाचं म्हणाल तर माझ्या डोळ्यांदेखत एकानं मदतीची नोट घेतली आणि सरळ भट्टीवर गेला. लोकांच्या घामाचा पैसा मी असा वाटणार नाही.

नाल्याकाठची
त्या पुरानंतर सरकारनं घरटी 10,000 रुपये जाहीर केले होते. आपल्या कॉलनीतल्या किती जणांनी ते दारूत घातले? एकदा विचारून बघा. एकानं नोट उडवली म्हणून सगळ्या गावाच्या खिशाला कुलूप लावायचं, हा न्याय आपण स्वतःला कधी लावतो का?

मोवाडची लेक
पैशापेक्षा मला दुसरंच सलतं. लोकांना वाटतं बाहेरून बोटी येतात, जवान येतात, मग माणसं वाचतात. आमचं मोवाड याच जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यातलं. 30 जुलै 1991, वर्धा नदी गावात शिरली, 204 माणसं गेली. माझ्या मावशीला शेजारच्यांनी विहिरीच्या दोरानं स्लॅबवर ओढून घेतलं. बाहेरचं कोणी पोचायच्या आत जे वाचायचे ते शेजाऱ्यांच्या हातानं वाचले होते. जवानांबद्दल मला आदरच आहे, पण पहिले काही तास गल्लीचेच असतात. दोर, टॉर्च, म्हाताऱ्या माणसांची यादी हे मोहल्ल्यात असायला पाहिजे, त्यासाठी कोणी ट्रक भरत नाही.

सिमेंटग्रस्त
सगळे मूळ सोडून बोलून राहिले. पाणी घरात आलं काहून ते बोला ना! आमच्या गल्लीत जुना डांबरी रस्ता खोदलाच नाही, त्याच्यावर सिमेंट ओतलं. आता रस्ता वर आणि आमचा ओटा खाली. साधा पाऊस आला तरी पाणी हॉलमध्ये. हा निसर्गाचा कोप नाही बाप्पा, हा ठेकेदाराचा कोप आहे.

धरमपेठी
सिमेंट रस्ते नसते तर खड्ड्यांवर बोंबलला असता. आमच्याकडे रस्ता चांगला झाला, वर्षानुवर्षं डागडुजी नाही.

सिमेंटग्रस्त
तुमचा ओटा उंच आहे म्हणून. माझ्याकडं येऊन पाहा. आधीचा थर उखडून त्याच पातळीवर सिमेंट टाकायला कोणी नाही म्हटलं होतं? आणि दोन्ही बाजूंच्या फुटपाथला गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावले, आता पाणी जिरायला माती कुठं उरली?

धरमपेठी
अंबाझरी ओसंडला तेव्हा रस्ता डांबरी असता तरी घर बुडालंच असतं. सगळं सिमेंटवर ढकलू नका.

सिमेंटग्रस्त
अंबाझरीजवळच्यांचं बुडालं असतं, मान्य. माझं घर तिथून कोसभर लांब आहे. माझ्या हॉलमध्ये तलावाचं पाणी नव्हतं, रस्त्याचं होतं.

डागा लेआउट, तळमजला
रस्त्यांचा वेगळा धागा काढा हो. मला विम्याबद्दल सांगायचं आहे, कारण "त्यांना काय, विमा असतो" हे वाक्य मी त्या महिन्यात शेकडो वेळा ऐकलं. गाडीचा थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी पाणी उतरल्यावर घाईनं चावी फिरवली आणि इंजिनात पाणी गेलं तर इंजिनचा वेगळा रायडर (मूळ विम्याला जोडलेलं जादा संरक्षण) नसल्यास दावा अडकतो. शेजारच्या काकांनी तेच केलं. निवृत्तीच्या पैशातली गाडी होती.

नाग नदीची बस्ती
तुमच्या गाडीची बातमी झाली भाऊ. नदी तुमच्याकडून आमच्याकडं वाहत येते, आमच्या पत्र्याच्या घरात पंचनामा करायला आले तेव्हा पाणी ओसरलं होतं, तर म्हणे नुकसान दिसत नाही. गाळ आम्ही काढून टाकला, लेकरं कुठं निजवायची मग? फोटो काढायची अक्कल होती, पण मोबाईल पाण्यात गेला होता.

डागा लेआउट, तळमजला
तुमचं दुःख मोठं आहे, पण माझी आई खुर्चीवर उभी राहून पाण्यात होती. तिच्या दुःखाला बंगल्याचा भाव लावू नका.

नाग नदीची बस्ती
आईबद्दल कोणी बोललं नाही. भाव पंचनामेवाल्यांनी लावला, मी नाही.

वॉर्डातली सिस्टर
मी सरकारी नोकरीत होते, एक गोष्ट सांगून जाते. दर वेळी अफवा येते की प्रेतांमुळे साथ पसरते, म्हणून घाईघाईनं उरका. आपत्तीत गेलेल्यांच्या शवांमुळे सहसा साथ येत नाही, जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगते आहे. साथ येते ती घाण पाण्यातून. 2005 च्या मुंबईच्या पुरानंतर लेप्टोच्या तापानं (लेप्टोस्पायरोसिस) माणसं गेली, उंदरांच्या मुतानं दूषित पाणी पायाच्या जखमेतून शिरलं. ओळख न पटवता उरकलं की घरच्यांना मृत्यूचा दाखला मिळत नाही, मग मदतही नाही आणि सातबाऱ्यावर वारसाची नोंदही नाही. ट्रकमध्ये जागा असेल तर गमबूट आणि क्लोरीनच्या गोळ्या टाका.

मूळचा औशाचा
किल्लारीच्या भूकंपाला, 30 सप्टेंबर 1993 ला, मी शाळेत होतो. 52 गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की मिळाली, त्याबद्दल ऋण आहेच. पण सरळ रेषेतल्या त्या गावात आमच्या आजीला बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, हे कोणी विचारलं नव्हतं. घर मिळालं म्हणजे गाव उभं राहिलं असं लांबून वाटतं. कपड्यांचं तर विचारूच नका. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते.

ट्रक माझा आहे
मग गूंजसारखी संस्था देशभर कपडेच गोळा करते, ते सगळे वेडे आहेत का?

मूळचा औशाचा
ते धुतात, निवडतात, मापाप्रमाणे गठ्ठे करतात, आणि गावकऱ्यांनी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देतात. तुमच्या ट्रकमध्ये पार्टीचे झगे आणि एकेक बूट आहेत. गठ्ठे मी काल पाहिले.

ट्रक माझा आहे
बरं. परांड्याकडच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणतो कपडे नकोत, गावातले ढीग हलवायलाच माणसं लागून राहिली. जनावरांना चारा पाहिजे, ताडपत्र्या पाहिजेत, आणि विहिरीवरच्या बुडालेल्या मोटारी रिवाइंड करणारा माणूस. झगे काढतो. पैशाबद्दल माझं मत तेच आहे.

सिमेंटग्रस्त
वायंडिंगवाले दोघं माझ्या ओळखीचे आहेत, आठवडाभर जायला तयार होतील. रस्त्याचं मात्र मी सोडलं नाही.

नाल्याकाठची
त्या दोघांची मजुरी, तांब्याची तार, जाण्यायेण्याचं भाडं चादरीत देणार का? रोख लागेल.

ट्रक माझा आहे
ते मी देतो, पावती घेऊन. गावात नोटा वाटणार नाही.

नाग नदीची बस्ती
पावती आमच्याकडून पण मागितली होती. पुरात वाहून गेलेल्या मिक्सरची.