सिल्व्हर आणि नारळ नसलेलं बेट

स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीतला चाचा सिल्व्हर निव्वळ खलनायक आहे, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. जहाजावरच्या सफरचंदाच्या पिंपाचा प्रसंग आठवा. गोष्ट सांगणारा पोरगा जिम तळातलं सफरचंद काढायला पिंपात उतरतो आणि बाहेर सिल्व्हर एका तरुण खलाशाला गोंजारत असतो. 'तू पोरगेला, पण हुशार' हेच शब्द त्याने जिमलाही ऐकवलेले! जिमला पहिली चीड येते ती याची. बंड, खून हे नंतर कळतं. वर हा गडी लुटीचे पैसे बँकेत ठेवणारा. बाकीचे चाचे रमवर उडवतात, हा व्याज मोजतो.

आणि ते नारळीच्या झाडांचं बेट सिनेमावाल्यांचं हो. पुस्तकात पाइन आहेत, सदाहरित ओक आहेत, किनाऱ्यावर समुद्रसिंह लोळतायत. स्टीव्हन्सन १८७९-८० मध्ये कॅलिफोर्नियात राहून आला होता, तिथलाच निसर्ग त्याने बेटावर आणून लावला. शिवाय दलदल, कुजका वास, ताप. जिमला तर बेट पाहताक्षणीच नकोसं होतं.

आणि त्या बेटावर सोडून दिलेल्या बेन गन या खलाशाबद्दल कुणीच कसं बोलत नाही? तीन वर्षं एकटा, खजिना ताब्यात, आणि स्वप्नं कसली, तर भाजलेल्या चीजची!