भावाला मंत्रचळ आणि नैराश्य दोन्ही आहे. थेरपी कोणती आणि कुठे?

डोंबिवलीकरीण
धाकटा भाऊ, वय ३१, आईबाबांजवळ नाशिकला असतो. चार वर्षांपासून ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, आहे. हात कोपरापर्यंत धुतो, साबणाची वडी दोन दिवस पुरत नाही, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात. घराबाहेर पडताना गॅसच्या बटणाचे फोटो काढतो. परवा त्याचा मोबाइल पाहिला तर एकाच सकाळचे ४३ फोटो. फेब्रुवारीत नोकरी सुटली, तेव्हापासून दुपारपर्यंत पांघरूण ओढून पडून असतो. जेवणावर वासना नाही.

गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, थेरपीही हवी. एका समुपदेशकांकडे सहा वेळा नेलं. दर वेळी लहानपणच्या गोष्टी आणि शेवटी "चांगले विचार करत जा". येताना रिक्षात म्हणाला, "ताई, तेवढंच तर जमत नाही गं."

आधी नैराश्यावर थेरपी घ्यायची की ओसीडीवर? की दोघांसाठी दोन वेगळे थेरपिस्ट? ऑनलाइनही चालेल.

रातराणी
मी या दोन्हीतून गेले आहे, म्हणून लिहिते. माझ्या थेरपिस्टने पहिल्याच भेटीत विचारलं, "आधी काय आलं?" माझं धुणं-तपासणं आधीचं होतं आणि त्यात दिवसच्या दिवस जायला लागल्यावर उदासी आली. त्यामुळे मुख्य काम ओसीडीवर झालं. ती सुटत गेली तशी उदासीही उतरली.

पद्धतीचं नाव ईआरपी, म्हणजे भीती वाटते ती गोष्ट मुद्दाम करायची, पण नंतरचं धुणं-तपासणं टाळायचं. चपलेच्या तळाला बोट लावायचं आणि हात न धुता बसून राहायचं. पहिल्या दिवशी रडले. घड्याळाकडे बघत पंचवीस मिनिटं काढली, मग धडधड आपोआप कमी झाली. कमी भीतीच्या गोष्टीपासून एकेक पायरी चढायची. पण मुळात अंथरुणातून उठवतच नव्हतं, म्हणून पहिले तीन आठवडे फक्त सकाळी आठला गॅलरीत चहा आणि कोपऱ्यापर्यंत चालणं, एवढाच गृहपाठ होता.

सावली
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. रातराणींनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. नैराश्य इतकं खोल असेल की गृहपाठच होत नाही, तर आधी दिवसाची हालचाल वाढवायची, जोडीला औषधं, आणि मग ईआरपी. दोन माणसं नकोत, एकाच थेरपिस्टने दोन्ही हाताळावं. फोनवरच विचारा: ईआरपी सेशनमध्ये समोर करून घेता का? घरच्यांना बोलावता का? सायकिॲट्रिस्टशी बोलाल का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? पहिल्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

ओसीडीवर औषधाचा परिणाम दिसायला दहा-बारा आठवडेही लागतात, सातव्या आठवड्यात निराश होऊ नका. मात्र पूर्वी कधी झोप अगदी कमी आणि उत्साह-खर्च अफाट, असे दिवस गेले असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. बायपोलर, म्हणजे उदासी आणि अति उत्साह असे दोन्ही टप्पे येणारा आजार, असेल तर औषधंच बदलतात.

आणि एक विचारू? "गॅस बंद आहे" असं तुम्ही त्याला सांगता का?

डोंबिवलीकरीण
रोज फोनवर, कधी दहादा. आई तर त्याच्याबरोबर बटण चाचपून बघते. आम्हीच खतपाणी घातलं का?

एक लिहायचं राहिलं. परवा म्हणाला, "मी नसतो तर तुम्ही सुटला असता."

सावली
हे आजच डॉक्टरांना कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. गोळ्या आईच्या ताब्यात. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीतही बोलतात.

तुम्ही जे केलंत ते मायेपोटी. पण प्रत्येक "बंद आहे" मुळे त्याला घडीभर बरं वाटतं आणि शंका आणखी पक्की होते. हे एकदम तोडू नका. त्याच्या संमतीने, थेरपिस्टबरोबर ठरवून कमी करा.

ठाण्याचा_वाचक
ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, तिथे चौकशी करा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या केंद्रीय संस्थेत ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे. खर्च झेपत नसेल तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांत ओपीडी असते. नावाला घाबरू नका, तिथे येणारे बरेच जण औषधं घेऊन घरी जातात. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारालाही विमा लागू आहे, पण बऱ्याच पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. थेरपीची फी धरली आहे का, ते आधी वाचा.

डोंबिवलीकरीण
काल रात्री विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "विचार येतात, पण करणार नाही. बरं झालं विचारलंस." डॉक्टरांनी आज चारला बोलावलंय, मी निघालेय. गोळ्यांचा डबा आईच्या कपाटात ठेवलाय.

रातराणी, तुझ्या थेरपिस्ट ऑनलाइन घेतात का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतेय.