एका हॉलमध्ये 70 मोबाइल, मूडलवर चाचणी: वाय-फाय आणि सर्व्हर कसा लावावा?

गारवेल
तालुक्याच्या गावातलं विज्ञान महाविद्यालय. द्वितीय वर्षाची 30 मार्कांची बहुपर्यायी चाचणी मुलांच्या स्वतःच्या मोबाइलवर मूडलमधून (अभ्यासक्रम आणि चाचण्या ऑनलाइन चालवायची मोफत प्रणाली) घ्यायची आहे. एका हॉलमध्ये 70 मुलं. फायबर 100 एमबीपीएस, राऊटर घरगुती आणि एकच. रंगीत तालमीत तिसेक मुलं जोडली गेली, बाकीची 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' इथेच अडकली. ऑफिस म्हणतं लाइन 300ची घेऊ. उपयोग होईल का? भारनियमन आहे आणि बजेट तुटपुंजं, हेही सांगून ठेवते.

खटपट्या
लाइनला हात लावू नका, पैसे वाया जातील. चाचणीचं एक पान 200 केबी धरलं तरी 70 मुलांचे मिळून 14 एमबी. 100च्या लाइनला हे सव्वा सेकंदाचं काम.

अडतंय ते हवेत. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. मागच्या बाकावरचा फोन 1 एमबीपीएसवर घसरला, तर 1500 बाइटचं एक पॅकेट पाठवायला तो 12 मिलिसेकंद खातो. तेच 54 एमबीपीएसवर पाव मिलिसेकंदात निघतं. असे चार फोन असले की सगळा हॉल ताटकळतो. शिवाय बरेच घरगुती राऊटर तिसेक जोडण्यांतच हात टेकतात.

हे करा:
- छताला लावायचे दोन ड्युअल-बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारे) ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वाय-फाय पसरवणारी यंत्रं, हॉलच्या दोन टोकांना. लोखंडी कपाटावर ठेवू नका.
- 2.4 गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल 1, दुसऱ्याला 11. रुंदी 20 मेगाहर्ट्झच, 'ऑटो' नको. पॉवर मध्यम.
- 5 गिगाहर्ट्झवर 36 आणि 149. स्वस्तातले काही फोन 5 पकडत नाहीत, म्हणून 2.4 बंद करू नका.
- 1, 2, 5.5 आणि 11 एमबीपीएस हे जुने दर बंद. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, आणि फुकटात.
- डीएचसीपीचा (फोनना आयपी पत्ते वाटणारी सोय) पूल निदान 200 पत्त्यांचा, लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) 2 तासांची. पाठोपाठ दोन बॅच असतील तर लागतंच.

केबल कॅट-6, 100 मीटरच्या आत. पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) स्विच घेतलात तर ॲक्सेस पॉइंटजवळ वेगळा प्लग लागत नाही. 802.3एएफ या पीओई प्रकारात पोर्टमधून 15.4 वॅट निघतात, यंत्रापर्यंत सुमारे 13 पोचतात. ॲक्सेस पॉइंटला त्याहून जास्त लागत असतील तर 802.3एटी स्विच घ्या.

तांबडमाती
वरचं सगळं मान्य. पण चाचणीच्या वाय-फायवर इंटरनेट देऊच नका. वाय-फाय मिळालं रे मिळालं की फोन फोटोंचा बॅकअप आणि ॲप अपडेट काढून बसतात. 70 फोन एकदम हेच करायला लागले की चाचणी राहते बाजूला. मूडल हॉलमधल्याच संगणकावर ठेवा. 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना डेस्कटॉप पुरतो.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मूडलबॉक्सही (त्याच्यासाठी तयार मिळणारं मूडल) चालतो, मात्र पायचं स्वतःचं वाय-फाय 70 फोनांना पेलणार नाही. तो केबलने स्विचला जोडा. पाय 4 किंवा त्याआधीचा असेल तर त्यात घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसलं की तारीख मागेच राहते आणि चाचणी 'अजून सुरू झालेली नाही' म्हणते. डीएस3231 या बॅटरीवरच्या घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावा: पिन 1ला 3.3 व्होल्ट, 3ला एसडीए, 5ला एससीएल, 6ला ग्राउंड.

गारवेल
इंटरनेट नसलं की अँड्रॉइड आपणहून मोबाइल डेटावर उडी मारतो ना? मग लोकल सर्व्हर सापडणार कसा?

तांबडमाती
मारतो. म्हणून मुलांना आधी विमान मोड आणि मग फक्त वाय-फाय सुरू करायला सांगा. 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, जोडलेले राहायचे?' असं विचारलं की 'हो'. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक बाकापाशी जाऊन सांगत बसावं लागेल.

कंदीलवाली
मूडलच्या बाजूने थोडं. एका पानावर एक प्रश्न ठेवलात तर प्रत्येक 'पुढे' म्हणजे सर्व्हरला एक फेरी. पानावर 5 प्रश्न ठेवा. खरा भार पडतो तो सगळ्यांनी एकाच क्षणी 'सुरू करा' दाबल्यावर. रांगेरांगेने, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सुरू करू द्या. वेळमर्यादा प्रत्येकाची स्वतंत्र धावते, त्यामुळे कुणाचं नुकसान नाही. चाचणी बंद होण्याची वेळ मात्र 10 मिनिटं पुढची ठेवा, नाहीतर शेवटच्या रांगेची मिनिटं कापली जातील.

मूडल ॲपमध्ये ऑफलाइन चाचणीची सोय आहे, पण वेळमर्यादा लावलेली चाचणी ऑफलाइन देता येत नाही. तुमच्यासाठी ब्राउझरच बरा. स्वयंजतन 1 मिनिटाचं असतं, ते बंद करू नका. फोन मेला तर मूल दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून तिथूनच पुढे जातं.

खटपट्या
विजेचं राहिलं. सर्व्हर, स्विच आणि दोन्ही ॲक्सेस पॉइंट एकाच यूपीएसवर घ्या. पीओई असल्याने हे सहज जमतं. सर्व्हरचा आयपी पक्का ठेवा, डीएचसीपीच्या पूलबाहेरचा. आणि फोनच्या मॅक पत्त्यावरून (वाय-फायवर यंत्र ओळखायचा क्रमांक) हजेरी किंवा प्रवेश बांधायच्या फंदात पडू नका. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट पत्ता देतात.

गारवेल
लाइनचा प्रस्ताव मागे घ्यायला सांगते. ज्यांच्याकडे फोनच नाही अशी चार-पाच मुलं आहेत, त्यांचं काय?

कंदीलवाली
प्रयोगशाळेतले संगणक त्याच स्विचला केबलने जोडा. तेवढे नसतील तर मूडलमधूनच प्रश्न छापून कागदावर घ्या आणि गुण गुणपुस्तकात हाताने भरा. छापायच्या प्रतीसाठी पर्यायांची सरमिसळ बंद केलेली वेगळी चाचणी बनवा, नाहीतर उत्तरसूची जुळत नाही.