पहिला घरगुती फिल्टर: लॅडर नको, स्टेट व्हेरिएबल घ्या

मंद्रसप्तक

घरी अ‍ॅनालॉग सिंथेसायझर बांधणारे बहुतेक जण फिल्टरपाशी (आवाजातल्या ठराविक वारंवारता कापणारा भाग) आले की मूगचा ट्रान्झिस्टर लॅडर (शिडीसारखं रचलेलं फिल्टर सर्किट) उचलतात. अमेरिकी सिंथ-निर्माते रॉबर्ट मूग यांना त्याचं पेटंट १९६९ साली मिळालं आणि तेव्हापासून ते सर्किट इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की उतरवून काढणं सोपं झालंय. पण उतरवून काढणं म्हणजे डिझाइन नव्हे. शिकायचं असेल तर पहिला फिल्टर म्हणून लॅडर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅडरमध्ये चार पायऱ्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि एकच करंट सगळ्यांतून वाहतो. आतला सिग्नल मोजक्या मिलिव्होल्टचा, तोही डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाच्या रूपात. आवाज बिघडला तर नेमकं कुठे बिघडलं हे नवशिक्याला सापडत नाही, कारण एक पायरी सुटी काढून तपासायची सोयच नाही.

स्टेट व्हेरिएबल या दुसऱ्या प्रकारच्या फिल्टरमध्ये एक बेरीज करणारा ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) आणि त्यामागे दोन इंटिग्रेटर (सिग्नल साठवत जाणारे टप्पे). एका एलएम१३७०० चिपमध्ये दोन ओटीए (करंटने ताबा ठेवता येणारे अँप्लिफायर) मिळतात, सोबत एक टीएल०७२ ऑपअँप चिप, की दर सप्तकाला १२ डेसिबल कापणारा फिल्टर तयार. ओटीएला मोठा सिग्नल चालत नाही, म्हणून इनपुटला १०० किलोओहम आणि २२० ओहमचा विभाजक लावायचा: ५ व्होल्टचे साधारण ११ मिलिव्होल्ट होतात. पुढचं गणित कागदावर मांडता येतं. कंट्रोल करंट ५०० मायक्रोअँपिअर आणि कपॅसिटर २२० पिकोफॅरड धरला तर कटऑफ (जिथून फिल्टर कापायला लागतो ती वारंवारता) १५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. करंट शंभरपट कमी केला की कटऑफही शंभरपट खाली. प्रत्येक इंटिग्रेटरवर ऑसिलोस्कोपचा प्रोब ठेवून हे पडताळता येतं. शिवाय लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा), बँड-पास (मधला पट्टा) आणि हाय-पास (वरचे सूर) एकाच वेळी तीन जागी हजर असतात. लो-पास आणि हाय-पास मिसळले की नॉच (मधला पट्टा कापणारा) फुकट.

ओहमकार

पूर्णपणे असहमत.

लॅडरचं गणित तुम्ही सांगितलंच नाही, आणि तेच सगळ्यात देखणं आहे. कटऑफच्या वारंवारतेला प्रत्येक पायरी ४५ अंश मागे पडते. चार पायऱ्या म्हणजे १८० अंश. त्याच ठिकाणी प्रत्येक पायरीतून सिग्नल ०.७०७ पट होतो, चार पायऱ्यांनंतर पाव उरतो. म्हणजे आउटपुट उलटं करून चारपट वाढवून परत इनपुटला दिलं की फिल्टर स्वतःच गायला लागणार, म्हणजे इनपुटशिवाय सूर काढणार. फीडबॅक म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ शिकवणारं दुसरं सर्किट मला माहीत नाही. कटऑफचंही तसंच: एमिटरचा रोध करंटच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून करंट दुप्पट तर कटऑफ दुप्पट.

आणि आपण फिल्टर बांधतोय तो आवाजासाठी. लॅडरमधली ट्रान्झिस्टरची जोडी सिग्नल मोठा झाला की हळूहळू दबते, एकदम कापत नाही. त्यामुळे गायला लागल्यावर तो आपोआप आवरला जातो आणि जवळपास स्वच्छ साइन देतो. तुमचा स्टेट व्हेरिएबल स्वतः गायला लावायचा तर त्याला वेगळे डायोड लावून आवर घालावा लागतो, नाहीतर ऑपअँप थेट सप्लायला जाऊन आपटतो. १९७४ च्या ओबरहाइम एसईएम या सिंथचा फिल्टर स्टेट व्हेरिएबलच, आवाज अप्रतिम, पण तो स्वतः गात नाही.

मंद्रसप्तक

ओहमकार, तुमचं १८० अंशांचं गणित शंभर टक्के बरोबर. पण त्याच गणिताची दुसरी बाजूही मांडा. फीडबॅक चारपट झाला की खालच्या सुरांची पातळी एक-पंचमांश होते, म्हणजे १४ डेसिबल खाली. रेझोनन्सचा (फीडबॅकने कटऑफजवळचा आवाज उठवण्याचा) पॉट, म्हणजे खुंटी, फिरवला की बेस गेला. मी खर्जासाठी सिंथ बांधतो. मला हे परवडत नाही. स्टेट व्हेरिएबलमध्ये रेझोनन्स कितीही वाढवा, लो-पासची खालची पातळी जागची हलत नाही.

ओहमकार

फीडबॅकच्या बेरजेत इनपुटचाही थोडा हिस्सा मिसळला की तो बेस परत येतो. एक रेझिस्टर वाढतो इतकंच. आणि बऱ्याच वादकांना ते खाली जाणं हवं असतं. रेझोनन्स वाढवताना बेस मागे सरकतो आणि शिट्टी पुढे येते, यालाच ते लॅडरचा आवाज म्हणून ओळखतात. तुम्हाला नको असेल, पण म्हणून तो दोष ठरत नाही.

झाळकाम

दोघंही ज्याच्यावर बोलत नाही आहात, तो भाग सगळ्यात अवघड आहे. फिल्टर कुठलाही घ्या, एका व्होल्टला एक सप्तक हवं असेल तर त्याच्यामागे एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर (व्होल्टेज सारख्या टप्प्यांनी वाढलं की करंट पटीत वाढवणारं सर्किट) लागतो. ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट. हे १८ मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात: दर अंशाला ०.३३ टक्के.

आता हिशेब करा. जानेवारीत पुण्यात सकाळी २० अंशांना फिल्टर लावला, मे महिन्यात खोलीत ४०. वीस अंशांचा फरक म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या वर. मूळ बिंदूपासून पाच सप्तकं वर तो स्वतः गात असेल तर जवळपास चार अर्धस्वर खाली घसरेल. तार सा लावायला जाल आणि कोमल धैवताच्या आसपास पोहोचाल. जुळवलेली जोडी (सारख्या गुणांचे दोन ट्रान्झिस्टर) घेतल्याने ट्रान्झिस्टरची दर अंशाला २ मिलिव्होल्टची घसरण रद्द होते, पण ०.३३ टक्क्यांचा हा फरक राहतोच. त्याला ३३०० पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर (तापमानासोबत दर अंशाला ०.३३ टक्के रोध वाढणारा) जोडीला चिकटवून बसवावा लागतो. डिझाइन शिकायचं म्हणता ना, मग इथून सुरुवात करा.

मंद्रसप्तक

झाळकाम, ऑसिलेटरसाठी (सूर निर्माण करणाऱ्या भागासाठी) तुमचं अक्षर न् अक्षर मान्य. फिल्टरसाठी नाही. फिल्टर बहुतेक वेळा आवाजाची झळाळी कमी-जास्त करायला वापरतात. तिथे दोन-चार अर्धस्वरांचा फरक कानाला कळत नाही, आणि कळला तरी पॉट हाताशी आहेच. पहिल्याच फिल्टरसाठी कुणाला टेम्पको शोधायला लावलं तर तो माणूस छंद सोडून देईल. साध्या जुळवलेल्या जोडीवर काम भागवा. फिल्टर सुरात वाजवायची गरज पडली की मग टेम्पको.

निशिगंध

मी वाजवणारी आहे, बांधणारी दुय्यम. सुरुवात दोन्हींहून सोपी का करत नाही? एलईडी आणि एलडीआर (प्रकाश पडला की रोध कमी होणारा रेझिस्टर) समोरासमोर ठेवून काळ्या हीटश्रिंकमध्ये बंद करा, सोबत कपॅसिटर आणि एक ऑपअँप. एलडीआर प्रकाश गेल्यावर सावकाश मागे येतो, त्यामुळे प्रत्येक सुराची शेपटी आपोआप मऊ होते. सिंथ-निर्माते डॉन बुक्ला यांच्या लो-पास गेटचा आवाज यातूनच आलाय.

आणि लॅडर म्हणजे फक्त मूग नव्हे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथवर राग वाजवले, त्यात रोलँड टीबी-३०३ हे बेसचं यंत्रही होतं. त्या यंत्रात डायोड लॅडर आहे. तो ऐकल्यावर मला तरी १२ डेसिबलचा स्टेट व्हेरिएबल की २४ डेसिबलचा लॅडर हा वाद दुय्यम वाटतो. मींड घेताना कटऑफ सुरासोबत कसा सरकतो, हे आधी ऐका.

एक विनंती: कपॅसिटर स्वस्तातले एक्स७आर सिरॅमिक लावू नका. त्यांची क्षमता सिग्नलच्या व्होल्टेजनुसार बदलते आणि आवाज खरखरीत होतो. फिल्म नाहीतर एनपीओ सिरॅमिक घ्या.

ओहमकार

निशिगंध, कपॅसिटरबद्दल अनुमोदन. एलडीआर मात्र प्रत्येक नग वेगळा निघतो, त्यावर गणित बसवणं कठीण.

मंद्रसप्तक, माझं मत बदललेलं नाही. तुम्ही म्हणता लॅडरमध्ये बिघाड सापडत नाही. माझ्या मते नव्वद टक्के बिघाड तळाची आणि माथ्याची जोडी न जुळवल्यामुळे असतो. इनपुट काढून टाका आणि कटऑफ जोरात हलवा. आउटपुटला धप्प आवाज आला तर आधी त्या जोड्या बघा. १ मिलिव्होल्टचा फरक म्हणजे दोन बाजूंच्या करंटमध्ये ४ टक्क्यांचा फरक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बीसी५४७ ट्रान्झिस्टरची पट्टीच घ्या, सगळ्यांना सारखाच करंट देऊन बेस-एमिटर व्होल्टेज मोजा आणि जवळजवळचे जोडीला लावा. मोजण्याआधी ट्रान्झिस्टर हातातून खाली ठेवून गार होऊ द्या. बोटांची ऊब एका अंशाची असली तरी आकडा २ मिलिव्होल्टने हलतो.